काट्यावर १८.४०, मेलवर ११.२०: वजन कमी दाखवणाऱ्या एका ई-मेलची चौकशी

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचं सोयाबीन गोदामात जमा करून घेते आणि भाव बरा आला की एकत्र विकते. माल आला की काटा होतो, मीटरने ओलावा मोजतात आणि कागदी काटापावती हातात देतात. संध्याकाळी त्याच नोंदीचा ई-मेल सभासदाला जातो. बऱ्याच सभासदांनी मुलाचा किंवा मुलीचा पत्ता दिलेला असतो. ती मुलं पुण्याला नाहीतर नागपूरला नोकरीत असतात आणि बापाचा हिशेब तिथून बघतात.

ऐन आवकेच्या दिवसांत एका सभासदाने ३१ कट्टे आणले. वजन भरलं १८.४० क्विंटल, ओलावा ११.२०. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला की मेलमध्ये वजन ११.२० क्विंटल आहे. काका तडक गोदामावर आले. "एकतीस कट्टे मोजून टाकले अन् मेलवर अकराच क्विंटल काहून दाखवून राहिले? कट्टे अर्धे भरले होते का?" त्यांचा सवाल चोख होता. १८.४० क्विंटलला कट्टा साधारण ५९ किलोचा पडतो आणि ११.२० ला जेमतेम ३६ किलोचा. सोयाबीनचा कट्टा कोणी ३६ किलोचा भरत नाही.

व्यापाऱ्याच्या काट्याला विटूनच लोक या कंपनीत आले होते. इथेही काटा मारतात अशी कुजबुज एकदा सुरू झाली, तर पुढच्या हंगामात माल परत अडत्याकडे जाणार. म्हणून संचालकांनी हा फक्त कॉम्प्युटरचा बिघाड म्हणून सोडून दिला नाही. आजूबाजूच्या अशा दोन-तीन कंपन्यांची संगणकाची कामं माझ्याकडे असल्याने चौकशी माझ्याकडे आली.

कार्यालयात जे तपासलं ते सगळं बरोबर निघालं. कागदी पावतीवर १८.४०, सॉफ्टवेअरच्या पडद्यावर १८.४०, पाठवलेल्या मेलच्या ठेवणीतल्या प्रतीतही १८.४०. तोच मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवला, तिथेही १८.४० आला. मुलाला पुन्हा पाठवला, त्याला पुन्हा ११.२० दिसला. सहज झालेली गडबड दर वेळी तोच आकडा कशी देईल, असं काका म्हणाले आणि संशय आणखी पक्का झाला. हा मुद्दा बिनतोड वाटतो, पण याच आवर्तनाने पुढे वाट दाखवली. गडबड एखाद्या माणसाच्या हातून होत असती तर ती कधी झाली असती, कधी राहिली असती. दर वेळी हुबेहूब तशीच होते म्हणजे कुठलंतरी यंत्र ठरलेल्या जागी ठरलेलं काम करत होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, आमच्याकडून आकडा बरोबर जातो, मेल सर्व्हरचं बघा. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही मजकुराला हात लावत नाही. दोघांनाही मनापासून तसंच वाटत होतं.

मुलाकडून मी मेलची मूळ प्रत मागवली. इथे एक गोष्ट कटाक्षाने सांगावी लागते, की मेल फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड करताना अॅप मजकूर नव्याने रचतं आणि जे पाहायचं असतं तेच पुसलं जातं. स्क्रीनशॉटचाही उपयोग नाही. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून ‘शो ओरिजिनल’वर जायचं, फाइल डाउनलोड करायची आणि ती जोडणी म्हणून पाठवायची. मुलाने तसं केलं.

त्या फाइलमध्ये सगळ्यात वर हेडर, म्हणजे मेलबद्दलच्या माहितीच्या ओळी, असतात. प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्हड’ नावाची ओळ आधीच्या ओळींच्या वर चिकटवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. मेल सॉफ्टवेअरमधून भाड्याच्या सर्व्हरवर गेला आणि तिथून थेट जीमेलला. मधे दुसरा कोणी नव्हता. वाटेतला प्रत्येक टप्पा संशयित असतो, इथे दोनच निघाले.

त्याच हेडरमध्ये जीमेलने नोंदवलं होतं की डीकेआयएमची सही जुळत नाही, मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, वेगळा येतो. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने मजकुरावर गणिती पद्धतीने केलेली सही. इंटरनेटची मानकं आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत असतात; आजचं तिचं मानक आरएफसी ६३७६, सन २०११ चं. सहीनंतर मजकुरात अक्षर बदललं तरी हॅश चुकतो. ‘रिलॅक्स्ड’ नावाच्या सैल पद्धतीत ओळीतल्या सलग मोकळ्या जागा एक धरतात आणि ओळीच्या टोकाच्या सोडून देतात. पण ओळीच्या मध्येच नवी ओळ घुसली तर या पद्धतीलाही ती चालत नाही. म्हणजे भाड्याच्या सर्व्हरने सही केल्यानंतर आणि जीमेलने मेल घेण्याआधी मजकूर बदलला होता. काकांचा संशय इथपर्यंत शंभर टक्के खरा होता आणि हे मी त्यांना लगेच कळवलं.

आता खालचा मजकूर. मेल एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यात होता, आणि अख्खा मजकूर एका ओळीत: नमस्कार, सभासदाचं नाव, गाव, तक्ता, खालची सूचना, सगळं एकामागे एक, मधे कुठेही एंटर नाही. ती लांबलचक ओळ एका जागी तुटली होती. तुटण्याआधीचे बाइट, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याची एककं, मोजले, ९९८ भरले. त्यानंतर नवी ओळ, तिच्या सुरुवातीला एक मोकळी जागा, आणि मग उरलेला मजकूर.

ओळ तुटली होती नेमकी वजनाच्या रकान्याच्या तोंडाशी. एचटीएमएलमध्ये तक्त्याचा प्रत्येक रकाना ‘टीडी’ या खुणेने उघडतो. कात्री पडली ‘टी’ आणि ‘डी’च्या मधे. मेल दाखवणाऱ्या अॅपला ‘टीडी’ ही ओळखीची खूण दिसलीच नाही. ‘टी’ नावाची एक अनोळखी खूण दिसली आणि ‘डी’ हा तिचा गुणधर्म वाटला. तक्त्याच्या ओळीत रकाना सोडून दुसरं काही आलं तर ते तक्त्याबाहेर काढून तक्त्याच्या वर ठेवायचं, असा एचटीएमएल वाचण्याचा ठरलेला नियम आहे. त्याप्रमाणे १८.४० हा आकडा तक्त्यातून उचलून वर ठेवला गेला आणि त्याच्या उजवीकडचा रकाना डावीकडे सरकला. रकाने होते तारीख, पावती क्रमांक, माल, कट्टे, वजन, ओलावा, या क्रमाने. वजनाच्या मथळ्याखाली ओलाव्याचे ११.२० येऊन बसले आणि ओलाव्याचा रकाना रिकामा राहिला.

रिकाम्या रकान्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ओलाव्याचं मीटर बंद असलं की तो तसाही रिकामाच असायचा. आणि १८.४०? तो ‘नमस्कार’च्या खाली, तक्त्याच्या डोक्यावर एकटा उभा होता. मुलाने तो पाहिला होता. त्याला ती मेल पाठवल्याची वेळ वाटली, संध्याकाळचे सहा चाळीस. बापाचं खरं वजन पहिल्या दिवसापासून त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर होतं.

मग बाकी सभासदांचे आकडे का सरकले नाहीत, हा प्रश्न संचालकांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. कात्री सगळ्यांच्याच मेलला ९९८ बाइटवर लागत होती. फरक होता तो त्या जागी काय येतं यात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर किंवा इंग्रजी आकडा एका बाइटचा असतो आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचेही प्रत्येकी तीन. नावात एक काना जास्त असला की पुढचा सगळा मजकूर तीन बाइट पुढे सरकतो आणि कात्री दुसऱ्याच जागी बसते. बहुतेकांच्या मेलमध्ये ती रंगसंगतीच्या सूचनेत किंवा दोन शब्दांच्या मधे पडत होती, तिथे एक जागा वाढली तरी कळत नाही. काहींच्या मेलमध्ये अक्षराच्या मध्येच पडली. जुने मेल मागवल्यावर ‘सावळी सदोबा’ या गावाच्या नावातला ‘ब’ फुटलेला सापडला. ‘ब’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १७२. पहिल्यानंतर ओळ तोडली की उरतात नुसते तुकडे, आणि पडद्यावर ‘ब’च्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकट. अशा मेलबद्दल तक्रार आली नव्हती. मराठी मेलमध्ये चौकट दिसले तर लोक ‘फॉन्टचं काहीतरी’ म्हणून पुढे जातात, इतकी आपल्याला त्याची सवय झाली आहे. ती सवय मला खटकते. चौकट दिसला म्हणजे मजकूर कुठेतरी मोडला आहे, आणि आज गावाच्या नावात मोडला तर उद्या आकड्यात मोडेल.

मागच्या हंगामात हे होत नव्हतं. तेव्हा सॉफ्टवेअर तक्त्याची प्रत्येक ओळ नव्या ओळीवर लिहीत असे. नव्या आवृत्तीत मेल हलका करायचा म्हणून सगळे एंटर काढून टाकले गेले. पडद्यावर काहीच फरक पडला नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही.

हे ९९८ आलं कुठून? ई-मेलचे मूळ नियम १९८२ चे, आरएफसी ८२१ आणि ८२२. आज चालतात ते २००८ चे आरएफसी ५३२१ आणि ५३२२. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा न्यायचा ते ५३२१ सांगतो, मेल आतून कसा लिहायचा ते ५३२२. ५३२२ ची अट साफ आहे: ओळीच्या शेवटच्या दोन खुणा सोडून एक ओळ ९९८ पेक्षा मोठी असता कामा नये, आणि शक्यतो ७८ च्या आत असावी. ५३२१ मध्ये तीच मर्यादा त्या दोन खुणा धरून १,००० आहे. १९९६ च्या आरएफसी २०४५ मध्ये, म्हणजे माइम या इंग्रजीखेरीजचा मजकूर आणि जोडण्या मेलमधून पाठवण्याच्या पद्धतीच्या मानकात, आणखी एक बारकावा आहे. मेलवर ‘८ बिट’, म्हणजे मजकूर रूप न बदलता आहे तसा पाठवतोय, असा शिक्का मारायचा असेल तर ओळी ९९८ बाइटच्या आत हव्यात. आमच्या मेलवर तो शिक्का होता आणि ओळ त्याहून कितीतरी मोठी. म्हणजे मेल कंपनीतून निघतानाच नियमाबाहेर होता.

पण म्हणून वाटेतल्या सर्व्हरने तो कापावा का? आरएफसी ५३२१ याबाबत कडक आहे. मधल्या सर्व्हरने स्वतःची ‘रिसीव्हड’ ओळ जोडावी, मेल गोल फिरत तर नाही ना हे हवं तर पाहावं, आणि याखेरीज हेडरला किंवा मजकुराला हात लावू नये. मेल पहिल्यांदा स्वीकारणाऱ्या सर्व्हरला थोडी जास्त मोकळीक आहे: तारीख नसेल तर घालावी, मेसेज-आयडी, म्हणजे मेलचा ओळख क्रमांक, नसेल तर द्यावा, अर्धवट पत्ता पूर्ण करावा. मर्यादेपेक्षा मोठी ओळ आली तर ‘ओळ फार लांब’ असं सांगून मेल नाकारण्याचा संकेतही मानकात आहे.

काही बदल मात्र मानकांनी स्वतःच योजलेले आहेत. मेल पाठवताना ‘मजकूर संपला’ हे सांगण्याची खूण म्हणजे एका ओळीवर एकटा पूर्णविरामाचा ठिपका. म्हणून मजकुरातली एखादी ओळ ठिपक्यानेच सुरू होत असेल तर पाठवणारा तिथे आणखी एक ठिपका घालतो आणि घेणारा तो काढतो. पुढच्या सर्व्हरला ८ बिट मजकूर चालत नसेल तर मधल्याने तो बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या, साध्या इंग्रजी अक्षरांत बांधलेल्या रूपात बदलून पाठवावा, नाहीतर परत करावा. १९९३ च्या आरएफसी १४२६ पासून तशी तरतूद आहे. हे बदल आणि आमच्या मेलमधला बदल यांत मला मूलभूत फरक दिसतो. ठिपका घातला तसा काढला जातो. बेस-६४ उलगडलं की मूळ बाइट जसेच्या तसे हाती येतात. मानक बांधणी बदलू देतं, पण उलगडल्यावर आतला माल तोच निघाला पाहिजे. ओळ तोडून मध्ये घातलेली मोकळी जागा पुढे कोणीच काढत नाही. ट्रकचा हौदा भरला म्हणून शेवटचं पोतं मधोमध फाडून अर्धं दुसऱ्या गाडीत ओतावं, असा तो प्रकार आहे.

तरीही सर्व्हर हे करतात आणि लपूनछपून करत नाहीत. ‘रिसीव्हड’ ओळीत पोस्टफिक्स या मेल सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव होतं. पोस्टफिक्सच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे की बाहेर पाठवताना ९९८ पेक्षा मोठी ओळ नवी ओळ आणि एक मोकळी जागा घालून तोडली जाते. २.८ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही मर्यादा ९९० होती. माइम मेलचं नुकसान कमीत कमी व्हावं म्हणून मोकळी जागा घालतात, असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे नुकसान होतं हे बनवणाऱ्यांना मान्य आहे. सेंडमेल हे तशाच कामाचं जुनं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी उद्गारचिन्ह घालायचं. जुन्या मेलमध्ये शब्दाच्या मध्येच उगवलेलं उद्गारचिन्ह ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना आता त्याचं कारण कळेल.

कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर मेल शाबूत का येत होता हेही यातून उलगडलं. तो पत्ता त्याच भाड्याच्या सर्व्हरवर होता. मेल बाहेर जातच नव्हता, आणि कात्री फक्त बाहेर जाणाऱ्या दारावर होती. खात्रीसाठी मी एकाच ओळीत क्रमाने आकडे लिहिलेला मेल आत आणि बाहेर असा दोन्हीकडे पाठवला. आतला अखंड आला. बाहेरचा ९९८ वर तुटला आणि त्याची सहीही मोडली. सही करणारा आणि मजकूर मोडणारा सर्व्हर एकच होता, कारण सही आधी होते आणि ओळ अगदी शेवटी, दाराबाहेर पडताना तुटते.

दोष कोणाचा, यावर बैठकीत बराच वेळ गेला. माझं मत मी तिथे मांडलं, इथेही मांडतो. मूळ चूक सॉफ्टवेअरची. ‘८ बिट’ लिहून त्याची अट न पाळणं म्हणजे पावतीवर एक लिहिणं आणि गाडीत दुसरंच भरणं. सर्व्हरचा दोष दुसरा, पण लहान नाही. २०११ च्या आरएफसी ६४०९ ने मेल पहिल्यांदा स्वीकारणाऱ्या सर्व्हरला मजकूर बेस-६४ सारख्या रूपात बांधून पुढे पाठवण्याची उघड परवानगी दिली आहे. तसं केलं असतं तर आकडा वाचला असता. ते जमत नसेल तर मेल नाकारायचा. मेल परत आला असता तर कार्यालयातल्या मुलीने त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला असता. गुपचूप तोडून पुढे पाठवणं हा तिन्हींतला सगळ्यात वाईट पर्याय, कारण त्यात ना पाठवणाऱ्याला कळतं, ना घेणाऱ्याला. सण-समारंभाच्या शुभेच्छांमध्ये असं झालं तर चालून जाईल. एका घराच्या वर्षभराच्या पिकाचं वजन ज्यात आहे, तिथे नाही.

दुरुस्ती फारशी अवघड नव्हती. सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी कळवलं की मजकूर बेस-६४ मध्ये बांधून पाठवा. त्यात तीन बाइटची चार अक्षरं होतात आणि ओळ ७६ वर आपोआप तुटते, त्यामुळे ९९८ चा प्रश्नच उरत नाही. कोटेड-प्रिंटेबलनेही काम भागलं असतं. पण त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं, तर बेस-६४ मध्ये चारांचं. इंग्रजी जास्त आणि मराठी थोडी असेल तर कोटेड-प्रिंटेबल बरं, आपल्या मजकुराला बेस-६४. विषयाची ओळ मात्र पहिल्यापासून बेस-६४ मध्येच नीट बांधलेली होती. मेल उघडताच वर शुद्ध मराठी विषय दिसायचा आणि आतलाही मजकूर ठीकच असणार असं सगळे धरून चालायचे.

दुसरी सूचना माझ्या आग्रहाची होती. आकड्याचा अर्थ तो कुठल्या रकान्यात बसला आहे यावर टांगलेला नको. म्हणून आता रकान्यातच ‘वजन १८.४० क्विंटल’, ‘ओलावा ११.२० टक्के’ असं लिहिलं जातं. तक्ता सरकला तरी ओलावा वजन म्हणून वाचला जाणार नाही. शिवाय प्रत्येक मेलसोबत तोच मजकूर साध्या अक्षरांतही जातो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे जास्तीचं काम वाटलं, पण संचालक अडून बसले आणि ते बरं झालं. नव्या मेलची मूळ प्रत तपासली, ओळी ७६ च्या आत होत्या आणि डीकेआयएमची सही जुळली.

काकांना हे सगळं गोदामावरच सांगितलं. बाइट आणि बेस-६४ त्यांच्यापुढे मांडत बसलो नाही. मुलाच्या मोबाइलवरचा जुना मेल उघडला, तक्त्याच्या वर एकटा उभा असलेला १८.४० दाखवला, मग ओलाव्याचा रिकामा रकाना. त्यांनी खिशातली काटापावती काढून दोन्ही आकडे मिळवून पाहिले. "म्हणजे आकडा होताच, बसला चुकीच्या जागी," म्हणाले. मग त्यांनी विचारलं की ज्यांनी मेल उघडलेच नाहीत त्यांचं काय.

त्यावर कंपनीने नवी आवृत्ती आल्यापासूनच्या सगळ्या नोंदी दुरुस्त रूपात पुन्हा पाठवल्या आणि विषयातच ‘आधीचा मेल वजनासाठी ग्राह्य धरू नये’ असं लिहिलं. बिघडलेल्या मेलच्या मूळ प्रती, ज्या मिळाल्या त्या, वेगळ्या ठेवल्या आहेत. गोदामाच्या भिंतीवर सभासदांची यादी कट्टे आणि वजनासकट लावली. हे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या इतर कंपन्याही वापरतात. त्यांना एवढंच कळवलं आहे की बाहेरच्या पत्त्यावर आलेल्या एका मेलची मूळ प्रत उघडा, हेडरमध्ये ‘८ बिट’ लिहिलंय का पाहा, आणि एखादी ओळ बरोबर ९९८ बाइटवर तुटून पुढची ओळ मोकळ्या जागेने सुरू होते का ते पाहा. तसं असेल तर आधी सभासदांची वजनं कागदी पावत्यांशी ताडून घ्या, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन त्यानंतर करा.